सगळ्यांना अडवणारं कुलूप

मी कुलूप बोलतोय. दाराचं नाही हो, प्रोग्रॅममधलं. जीव चार ओळींचा, पण बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत माझ्याइतका मान कोणाला नाही. त्रेसष्ट जण माझ्यापुढे रांगेत उभे असायचे!

परदेशातल्या एका यंत्रात कण एकमेकांवर आदळतात. त्या टकरींच्या नोंदी तपासायला आमच्या प्रोग्रॅमला चौसष्ट हात दिले होते. इथले लोक त्यांना थ्रेड म्हणतात. प्रत्येकाने आपापली टक्कर तपासावी, शेजाऱ्याकडे बघायचं कारणच नाही.

पण विभागप्रमुख हणमंतरावांना काम होताना दिसावं लागतं. धारवाडकडचा माणूस, मनाने चांगला, पण भिंतीवरच्या पडद्यावर तपासलेल्या टकरींचा आकडा एकेक करून चढला नाही तर त्यांना चहा गोड लागत नाही. म्हणून पुण्याच्या यशोवर्धनने मला पंधरा मिनिटांत लिहिलं आणि तो कोरमंगलातल्या स्टार्टअपमध्ये निघून गेला. एका हाताने आकडा चढवायचा, तोवर मी बाकीच्या त्रेसष्टांना अडवून धरायचं. झालं माझं काम!

सगळं रेंगाळू लागलं. समिती बसली. दुप्पट हातांचं यंत्र आलं, आयुधपूजेला त्याला झेंडू, कुंकू, लिंबू सगळं वाहून झालं. आता माझ्यापुढे एकशे सत्तावीस जण ताटकळू लागले. मी तर हवेतच गेलो.

नागपूरची शाल्मली मात्र रडकुंडीला आली. शुक्रवारपर्यंत तिचं उत्तर गेलं नाही, तर तिचा विषय दुसऱ्या देशातल्या गटाला मिळणार होता. तीन वर्षं घातली होती पोरीने. काम नऊ दिवसांचं, हातात दोन. बुधवारी सकाळी तिने कुठे किती वेळ जातो ते मोजलं, मी सापडलो आणि तिने मला पुसून टाकलं.

पुढचं मला नंतर कळलं. दुपारच्या जेवणाआधी सगळ्या टकरी तपासून झाल्या आणि उत्तर वेळेत गेलं. समितीने श्रेय नव्या यंत्राला दिलं. हणमंतरावांनी शाल्मलीला बोलावलं.

"झालं ते सरी, ठीकच," ते म्हणाले, "पण होताना मला काही दिसलं नाही की."

"सर, आकडा चढेपर्यंत सगळे थांबतात. म्हणून तर नऊ दिवस लागत होते."

"स्वल्प उशीर चालतो. पण लक्ष राहिलं पाहिजे."

तिने मला परत बसवलं. बसवताना प्रोग्रॅममध्येच माझ्या डोक्यावर एक ओळ लिहिली: 'हे काढलं की काम होतं. फक्त सरांना दिसत नाही.'

खरं सांगतो, मला आता लाज वाटते. या आठवड्यात मुग्धा नावाच्या नव्या मुलीचं काम यंत्रावर लागलंय. तिची तारीख सोमवारची आहे आणि ती सकाळपासून हणमंतरावांशेजारी उभी राहून पडद्यावरचा आकडा मोजतेय.

मुग्धा, तिथे काही नाही गं. ती ओळ वाच आणि मला काढ.