उदबत्तीवाल्यांचं घर

घर बघायला गेलं की बायका आधी स्वयंपाकघर बघतात म्हणे. मी मागचं अंगण बघते. लग्न होऊन मिरजेहून बंगळूरला आले तेव्हापासून मी कुणाच्या तरी डोक्यावर नाहीतर कुणाच्या तरी पायाखाली राहिले आहे. जमिनीवर कधीच नाही. बसवनगुडीतल्या भाड्याच्या घराच्या खिडकीत माझी कढीपत्त्याची कुंडी आहे. ती बिचारी माझ्यासारखीच आखडून राहायला शिकली आहे.

म्हणून शहराच्या टोकाला येलहंक्याचं ते विकाऊ बैठं घर दिसलं तेव्हा मी एजंट कृष्णमूर्तींचं बोलणं ऐकायचंच सोडून दिलं. पुढे लाल गुळगुळीत जमिनीचा व्हरांडा, मागे मोकळी माती. दोडक्याचा मांडव कुठे, पारिजातक कुठे, सगळं मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

"खिडक्यांना आतून काळा कागद कशाला?" दत्तानं विचारलं. दत्ता म्हणजे माझा नवरा. तोंडावर अहो, मनात दत्ता.

"आधीचे भाडेकरू उदबत्तीचा सेंट बनवायचे, सर," कृष्णमूर्ती म्हणाले. "उजेड लागला की सेंट उडतो."

बंगळूरात उदबत्ती हा घरोघरचा धंदा. मला तर ते ऐकून जास्तच बरं वाटलं. जिथे देवापुढचा सुवास तयार झाला, त्या वास्तूत काय वाईट असणार? स्वयंपाकघराच्या छतावर तपकिरी ओघळ होते, नव्या रंगातूनही वर आलेले. मी म्हटलं, चंदनाचं तेल असेल. एवढ्याशा खोलीला तीन एक्झॉस्ट फॅन होते. म्हटलं, वास डोक्यात जात असेल. रंगाच्या वासाखाली काहीतरी आंबूस, मांजर मुतल्यासारखं येत होतं. म्हटलं, मांजर असेल. आवडलेल्या घराची वकिली करायला बाईला शिकावं लागत नाही.

निघताना मी मागची माती पिशवीत भरली.

"वीणा, घर अजून आपलं नाही. चोरी कसली करतेस?"

"परवा घट बसायचेत. आपल्या जागेतली माती असली की बरं असतं."

"आपल्या!" दत्ता हसला. पण पिशवी त्यानंच उचलली.

दरवर्षी मी घटासाठी नर्सरीतून विकतची माती आणते आणि देवीची मनात माफी मागते. या वर्षी माफी नाही. परडीत माती पसरली, गहू पेरले, मधे कलश ठेवला. रोज माळ बांधताना वाकून बघायची. तिसऱ्या माळेला कोंब वर येतात. पाचवी झाली, माती तशीच.

"गहू जुने असतील," दत्ता म्हणाला.

तेच गहू मी कढीपत्त्याच्या कुंडीत टोचले. दसऱ्यापर्यंत तिथे तरारून आले. परडीतले उकरून पाहिले तर काळे, मऊ, आणि बोटांना तोच आंबूस वास. देवी कोपली, असं सासूबाई म्हणाल्या असत्या. मला मात्र छतावरचे ओघळ आठवले.

दसऱ्यानंतर पुन्हा गेलो, पण आधी शेजारचं फाटक वाजवलं. तिथल्या गोजराबाईंचं मराठी घराणं इथं पिढ्यान् पिढ्यांचं. आमचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"मराठी की हो तुम्ही! या अक्का, स्वल्प कॉफी घ्या."

मी उदबत्तीवाल्यांचं विचारलं.

"कसली उदबत्ती? उदबत्तीवाल्यांच्या दारात काड्या वाळत पडलेल्या असतात की. ह्या पोरांनी कधी एक काडी उन्हात घातली नाही. दारं-खिडक्या बंद, फॅन मात्र रात्रंदिवस. डबेच्या डबे आत जायचे आणि घाण पाणी मागं ओतायचे. कंपाउंडच्या अंगानं माझी पपई जळाली. मग पोलीस आले, तोंडाला हे मोठे मुखवटे लावून. नशेची पावडर शिजवत होते म्हणे! मालकानं रंग मारला, झालं. अय्यो, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

मग त्या घरात सगळंच दिसू लागलं. नळाची चकाकी खाल्लेली. मोरीच्या फरशीवर पिवळे चट्टे. मागे चहूकडे गवत माजलेलं आणि मधे टक्कल पडल्यासारखी नागडी जमीन. मी माती उचलली होती ती बरोबर तिथूनच. गवत उपटायचा त्रास नको म्हणून.

"पोलीस केस संपली, मॅडम," कृष्णमूर्ती म्हणाले. "अजून दोन हात रंग मारून देतो."

दत्तानं मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "माती बदलू. प्लास्टर खरवडू. कुणा जाणकाराकडून तपासून घेऊ. तू म्हणशील तर."

भिंतीत काय आणि किती मुरलंय, हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. माझ्यासाठी तो शहाणपण गुंडाळून ठेवायला निघाला होता. आणि माझ्या ओठांवर हो आलं होतं, अगदी आलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. कृष्णमूर्तींनी आणखी एका जोडप्याला तीच वेळ दिली होती. मुलगी फोनवर नागपुरी हेल काढून सांगत होती, "आई, अंगण आहे वं! खरंखुरं अंगण!" तिची छोटी लेक चपला भिरकावून मागे पळाली, त्या टकलावर फतकल मारून बसली आणि तिनं मूठभर माती तोंडाजवळ नेली.

"टाक! टाक ती माती!" मी अशी ओरडले की गोजराबाई भिंतीवरून डोकावल्या.

पोरीचे हात त्यांच्या नळावर साबणानं धुतले. तिच्या आईला, हर्षिताला, सगळं सांगितलं. कृष्णमूर्ती चिडले.

"मॅडम, तुम्हाला नको तर राहू द्या. दुसऱ्यांचं कशाला बिघडवता?"

"मला नको असं कुणी सांगितलं?" मी म्हणाले. दत्तानं माझ्या पाठीवर हात ठेवला. माती बदलायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही, मीही नाही.

हर्षिताचा नवरा रिक्षा बघायला गेला. ती लेकीला घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर टेकली, तशी मीही टेकले.

"इथं मी झोपाळा टांगणार होते, काकू," ती म्हणाली. "फाटकातून आल्या आल्याच ठरवलं होतं."

"त्या कोपऱ्यात टांगायचा होता," मी म्हणाले. "ऊन तिकडून येतं."

रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसलो.