पाऊलभर मागे

त्या रविवारी बाबा व्हरांड्यात बसून उंच उडीच्या गादीचं फाटलेलं कव्हर शिवत होते. बोटभर लांब सुई, जाड दोरा आणि चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर. आई आतून म्हणाली, "शाळेनं केलं निवृत्त, पण गादी काही सुटत नाही माणसाची."

"गादी कुणी आपणहून सोडतं का?" बाबा म्हणाले आणि स्वतःच खूश होऊन हसले.

मुलगी दर रविवारप्रमाणे जेवायला आली होती. ती बूट काढायला वाकली तसं त्यांनी टाक्यावरची नजर न हलवता विचारलं, "पाय कसा आहे? थंडी पडलीय."

"बरा आहे. कधीतरी ठणकतो जरा."

हे उत्तर तिला तेवीस वर्षं तोंडपाठ होतं. नुसतं 'बरा आहे' म्हटलं तर ते निरखून बघत. जरासा ठणका जोडला की मान हलवत आणि विषय मिटे. तसाच मिटला. जेवणं झाली, आईनं उरलेलं डब्यात भरून दिलं, ती आपल्या घरी गेली. सोमवारी सकाळी मैदानावर गादी अंथरता अंथरता बाबा तिच्यावरच आडवे झाले. उड्या मारायला आलेल्या मुलींना आधी वाटलं, सर चेष्टा करताहेत. पण ते पुन्हा उठले नाहीत.

ठणका खोटा होता. पाय कधी दुखावलाच नव्हता.

सोळा वर्षांची असताना ती उंच उडी मारायची आणि बाबा तिला शिकवायचे. ते मुलींना पहिल्याच दिवशी सांगत, "या खेळात जिंकणाराही शेवटी दांडी पाडूनच घरी जातो. एकटा उरला तरी उंची वाढतच राहते, तो पडेपर्यंत. पडायची लाज वाटत असेल तर प्रेक्षकांत बसा, तिकडे सावलीपण असते." सगळ्या हसायच्या. तीही हसायची, पण घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची. दांडी खडखडत खाली आली की सारं मैदान आपल्याकडेच बघतंय, असं तिला वाटे. 'सरांची मुलगी' हे बिरुद तिच्या पाठीवर दप्तरासारखं बसलं होतं.

मोठ्या स्पर्धेच्या सकाळी बाबांनी तिची खूण हलवली. उडीची धाव जिथून सुरू करायची तिथं जमिनीवर चिकटपट्टीचा तुकडा लावतात, तीच खूण. ती दांडीच्या फार जवळ जाऊन उडते, असं त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्यांनी पट्टी पाऊलभर मागे घेतली. त्या खुणेवरून तिनं चार उंच्या पहिल्याच प्रयत्नात पार केल्या. पाचवीला दोनदा दांडी पडली. तिसरा प्रयत्न शेवटचा. ती धावू लागली, आणि चौथ्या पावलाला तिला पक्कं कळून चुकलं की आपल्याच्यानं हे होणार नाही. ती घोटा धरून खाली बसली.

घरी गेल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पण घरी जाताना बाबाच म्हणाले, "चूक माझी. ऐन दिवशी खूण हलवायला नको होती. थकल्यावर ते पाऊल जड गेलं तुला." त्यांचा चेहरा असा झाला होता की ती गप्प बसली. उद्या सांगू. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तरी बाबा तीन आठवडे रोज तिचा घोटा शेकत राहिले. नंतर ती मैदानावर गेलीच नाही आणि तो उद्याही उगवला नाही.

बाबा गेल्याला महिना झाला तेव्हा सामानाच्या खोलीची किल्ली परत द्यायला मायलेकी मैदानावर गेल्या. खोलीत दोऱ्या, गोळे, खडूची डबी, सगळं जागच्या जागी होतं. आई बाहेर बाकावर टेकली. समोर एक उंच, सडपातळ मुलगी एकटीच उड्या मारत होती. बाबा तिला शिडी म्हणत. उडी मारायची, दांडी पाडायची, पुन्हा चढवायची. तीनदा तेच झालं.

"ताई, तुम्ही सरांची मुलगी ना?" शिडीनं विचारलं. "चार दिवसांवर स्पर्धा आहे. मी नाव काढून घेणार आहे. माझ्यात नाहीच ते. वर्षभर एकाच उंचीला अडकलेय. आमच्या घरातला कोळी माझ्याहून वर चढतो."

तिला हसू आलं. मग ती शिडीची पुढची उडी बघत राहिली आणि हसू विरलं. शिडी वर जातानाच खांद्यानं दांडी उडवत होती. फार जवळून उडत होती. आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि बाबांची नजर तर घारीची.

"तुझी खूण मागे घ्यायला हवी. सर काही बोलले नाहीत?"

"मी कितीदा म्हटलं त्यांना. ते म्हणायचे, तुझी तू मोज, मी कुणाच्या खुणेला हात लावत नाही. माझ्या हातानं एकदा एका मुलीचा पाय गेलाय." शिडी ओशाळली. "तुमचाच ना? मग मीही कधी हलवली नाही. म्हटलं, सरांना भीती वाटते म्हणजे काहीतरी असेलच. दोष माझाच असणार."

आपलं खोटं आपल्यापाशीच पडून आहे, फार तर बाबांपाशी, असं ती समजत होती. ते इथं रोज सकाळी येऊन या पोरीच्या खांद्यावर बसत होतं. आता गप्प राहिलं तर शिडी नाव काढून घेईल, आणि जन्मभर म्हणत राहील की माझ्यात नव्हतंच.

ती खाली वाकली. पट्टीचं टोक नखानं सोडवलं, जुन्या जागेला टाच टेकवून एक पाऊल मागे मोजलं आणि पट्टी दाबून बसवली.

"अहो ताई, नको! सर म्हणायचे—"

"दांडी पडेल कदाचित. पडू दे, पुन्हा चढव. पण नाव काढू नकोस."

"आणि पाय गेला तर?"

बाकावर आईनं मान वर केली होती. लेकीनं शिडीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि आईला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "माझा पाय गेला नव्हता. मुरगळलाही नव्हता. आई, ऐकतेस ना? मला उडी मारायची भीती वाटली म्हणून मी खाली बसले. मी खोटं बोलले आणि बाबांना ते खरं वाटू दिलं."

आईनं बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

मग लेक गादीकडे वळली.

"बाबा, तुमची खूण बरोबर होती."