पट्टीखालची वाट

नकाशांच्या दफ्तरात मी जुने, फाटके नकाशे सांधते. त्या दिवशी दहालाच धाकटे दीर धापा टाकत आले. त्यांच्या वस्तीजवळचं रेल्वेचं फाटक कायमचं बंद होणार होतं. नदीकडे, शाळेकडे, दवाखान्याकडे जायला तोच रस्ता. वाट रुळांच्या आधीची आहे असं बाराच्या आत वरच्या मजल्यावरच्या साहेबांना दाखवलं, तरच फाटक राहणार होतं.

बारापर्यंत माझं रोजचं मौन. दीर म्हणाले, आज तरी देवाकडून अर्ध्या दिवसाची रजा काढा. मी हसून शिडीवर चढले.

नकाशा मिळाला! रूळ पडण्याआधीचा; नदी निळी, टेकड्यांच्या रेषा तपकिरी, लोहमार्ग नुसताच लाल शाईने आखलेला. नदीच्या उतारापासून तुटक रेघांची वाट निघाली, घडीपर्यंत आली आणि कागदाच्या पट्टीखाली गडप झाली. ती पट्टी मी लगेच ओळखली. शिकाऊ असताना मीच लावलेली. मागून लावायची ती पुढून लावली होती, आणि वर शाबासकीही घेतली होती.

मी ओला टिपकागद पट्टीवर ठेवला. शाई फुटली तर सगळंच संपलं. खळ काही सुटेना. दीर दर मिनिटाला वेळ सांगत होते. हात मोकळे असते तर त्यांनाच टिपकागदाखाली ठेवलं असतं. अखेर पट्टीचं टोक उचललं गेलं आणि तिच्याखाली, घडीच्या कडेकडेने, लाल रेघ ओलांडून थेट वस्तीपर्यंत वाट!

काचेवर नकाशा, बशीत पट्टी, असे आम्ही जिने चढलो. बाराला सात मिनिटं कमी होती.

साहेबांनी भिंगातून पाहिलं. ही रेघ आज सकाळीच काढली नाही कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी पट्टी उलटी केली. खळीत त्याच तुटक रेघा उमटल्या होत्या, आरशातल्यासारख्या, वर्षानुवर्षं मुरून पिवळ्या पडलेल्या.

"पट्टी लावली कोणी?" साहेब म्हणाले.

मी घड्याळाकडे बोट केलं. दिरांनी मौनाचं सांगितलं. साहेब खुर्ची ओढून बसले, आणि आम्ही तिघंही काटा बघत राहिलो.

बाराचे ठोके पडले.

"मीच लावली, साहेब. बावीस वर्षं झाली. चुकीची लावली."

साहेबांनी सही केली. फाटक राहिलं.

जिन्यात दीर म्हणाले, "वहिनी, आणखी कुठे कुठे पट्ट्या लावल्यात, ते आता बोलून टाका."