चौथा रकाना

"तुझ्या त्या टॉमचा घसा बसला म्हणून त्याच्या जागी मी कविता वाचू? डोकंबिकं फिरलंय का तुझं?" लायब्ररीच्या कॉरिडॉरमध्येच मी ऋजुतावर ओरडले.

"आई, प्लीज. वीस मिनिटं आहेत. चौथा आवाज नसेल तर माझं कविता होणारच नाही."

माझी ही लेक इथेच इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत जन्मली, म्हणून तिचं मराठी असं मोडकंतोडकं. दिवसभर कौन्सिलच्या ऑफिसात फोन घेते आणि उरलेल्या वेळात इंग्रजी कविता करते. कविता म्हणजे काय, तर एका पानावर चार रकाने, चौघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायचे! लग्नघरात आपली माणसं असंच बोलतात, त्याला कोणी कविता म्हणत नाही, हे मी तिला कितीदा सुनावलंय. दहा वर्षं स्वतःच पानं छापून, शिवून वाटतेय बिचारी. आज पहिल्यांदाच एक प्रकाशिका ऐकायला आली होती. तिला आवडलं तर पुस्तक निघणार, नाहीतर लिहिणं बंद, असं ऋजुतानं सकाळीच रडत सांगितलं होतं.

मग काय करते? घेतला कागद.

तालमीत ऋजुता आणि तिचे दोन मित्र वाचायला लागले आणि मी गप्प झाले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गप्प.

"तू का थांबतो, आई?"

का म्हणजे? तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये काढली. गोरं माणूस बोलायला लागलं की सॉरी म्हणून आपलं वाक्य गिळायचं. कोणी शिकवलं नाही, अंगवळणीच पडलं. हे तिला सांगताना माझा मलाच राग आला.

"माहितीये," ती म्हणाली. "मी त्याच शाळेत होते ना? म्हणूनच लिहिलं. आज थांबायचं नाही."

हॉलमध्ये साठेक माणसं. तिघांचे आवाज सुरू झाले आणि सवयीनं सॉरी माझ्या ओठांवर आलं. तरी वाचलं. बटाटे संपले. रांगेत या. माझं नाव असं नाही, असं आहे. अगं बाई, ही तर माझीच वाक्यं! कँटीनमध्ये अर्धी राहिलेली, पोरीनं पुरी केलेली. मग मात्र मी असा आवाज लावला की बस्स. भांड्यांच्या खणखणाटात तयार झालेला गळा आहे हा!

तिघांचं वाचून झालं तेव्हा माझ्या सात ओळी उरल्या होत्या. सूत्रसंचालक टाळ्या वाजवत उठले. "लव्हली, थँक्यू सो मच..."

"आय हॅव नॉट फिनिश्ड," मी म्हणाले.

ते खाली बसले. मी सातही ओळी वाचल्या, सावकाश. मग सगळा हॉल उभा राहिला.

प्रकाशिका तडक ऋजुताकडे आली. शेवटी चौथा आवाज एकटाच उरतो, हे कसं सुचलं, म्हणाली.

"सुचलं नाही," ऋजुता डोळे पुसत हसली. "आई स्लो वाचते."

"मग तसंच छापू या."

पुस्तक आता आलंय. शेवटच्या पानावर तीन रकाने कोरे आहेत आणि चौथ्यात माझ्या सात ओळी.