सात मिनिटं

श्यामलाताईंनी तांबड्या पेनाचं टोपण काढलं, तशी स्वानंदी खुर्चीत पुढे सरकली.

ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलला, ताईंच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांच्या मुलाखतीची टाइप केलेली चोवीस पानं पसरली होती. मुलाखत ज्याची त्याला आधी वाचायला द्यायची आणि तो सांगेल ते गाळायचं, असं स्वानंदीने अल्बनीच्या विद्यापीठातल्या एथिक्स कमिटीला मोठ्या तोऱ्यात लिहून दिलं होतं. स्थलांतरित बायकांच्या नोकऱ्यांवरचा तिचा प्रबंध नोव्हेंबर २००३ च्या शेवटच्या शुक्रवारी द्यायचा होता, म्हणजे परवाच. आणि अख्खं चौथं प्रकरण या एका मुलाखतीवर उभं होतं.

ताई मिरजेच्या भूलतज्ज्ञ. इथे त्या पेनरोजच्या कारखान्यात बिस्किटं खोक्यांत भरत होत्या आणि इथे डॉक्टरकी करायला लागणाऱ्या परीक्षेचा अभ्यास करत होत्या. नाव बदललं तरी ऑकलंडच्या मराठी मंडळींनी त्यांना दोन ओळींत ओळखलं असतं. नवऱ्याशी झालेली भांडणं, आईला फोनवर सांगितलेली हॉस्पिटलातली खोटी नोकरी, सगळं त्या कागदांत होतं. पेन कुठेही न टेकता पुढे गेलं आणि स्वानंदीचा जीव भांड्यात पडला.

एकोणिसाव्या पानावर मात्र वरपासून खालपर्यंत रेघ ओढली गेली.

नेमकं तेच पान! टोंगा बेटांवरून आलेली सुपरवायझर सेला रोज वीस मिनिटं ताईंच्या जागी स्वतः उभी राहायची आणि ताई गोदामात जाऊन पुस्तक उघडायच्या. मॅनेजरला याचा पत्ता नव्हता. सगळ्या प्रबंधात इतकं सुंदर दुसरं काही नव्हतं.

"नाव बदलते ना मी, ताई."

"त्या लाइनवर टोंगन सुपरवायझर एकच आहे. नोकरी जाईल तिची."

"पण तुमचं एवढं सगळं ठेवलंत."

"ते माझं आहे गं. तुझ्या संमतीच्या कागदावर सही मी केली. सेलाने कुठे केलीय?"

एथिक्स कमिटीच्या सहा पानी फॉर्ममध्ये हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. स्वानंदीला स्वतःची लाज वाटली आणि समोरच्या बाईविषयी फार आदर वाटला.

तिने पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, सेलाची सात मिनिटांची हकीकत सुरू होते तिथवर कॅसेट मागे नेली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. जुनं पुसायचं तर त्यावर नवं भरावं लागतं.

सात मिनिटं दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. ताईंनी तेवढ्यात चहा केला. साखर ढवळतानाही त्यांनी कपात चमचा वाजू दिला नाही.