सारखे वाटे

त्या दिवशी ताईला घरात थांबवत नव्हतं आणि बाहेरही पडवत नव्हतं. घरात थांबावं तर बाबा आणि धाकटा भाऊ सकाळच्या चहालाच जुंपलेले. बाहेर पडावं तर लोड सेंटरमध्ये वीज खात्याचे सचिवसाहेब तिच्याही आधी येऊन बसलेले असणार. चप्पल एका पायात घालून ती दारातच घुटमळत होती.

लोड सेंटर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे घोटाळा होईल. अख्ख्या देशाची वीज जिथून सांभाळतात ती खोली. कुणी किती वीज बनवायची, कुणी कधी थांबायचं, हे तिथल्या एका खुर्चीवरून फोनने सांगतात, आणि दिवसपाळीला ती खुर्ची ताईची. वीज काही डब्यात फारशी भरून ठेवता येत नाही. जेवढी लागते तेवढीच बनायला हवी. कमी पडली तर दिवे जातात आणि जास्त झाली तर यंत्रं बिघडतात. म्हणजे दिवसभर जीव टांगणीला.

आणि त्यातून तो दिवस स्वावलंबनाच्या चाचणीचा! शेजारच्या देशाकडून वीज आणणारी लाइन आणि वीजघरांसाठी त्यांच्याकडूनच येणारा गॅस, दोन्ही दिवसभर बंद. आपण कुणाच्या दारात उभे राहत नाही, हे सरकारला दाखवायचं होतं. दाखवून झालं की मग ठरवायचं होतं, की जुन्या अणुभट्टीचं आयुष्य वाढवायचं, की किनाऱ्यावरची पवनचक्क्यांची आणि सौर पॅनेलची शेतं दुप्पट करायची. दोन्ही करायची ऐपत नव्हती. ज्याला डावललं जाईल त्याला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांनी उभा जन्म त्या अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये काढलेला. आणि धाकटा किनाऱ्यावरच्या त्या शेतांचा मुख्य इंजिनियर. आता बोला!

"संध्याकाळ झाली की तुझं ऊन काय उशीखालून काढणार आहेस?" बाबा विचारत होते.

"आणि तुमचं युरेनियम परसात पिकतं का? बोटीने येतं, बाबा. पाठवणारा उद्या नाही म्हणाला की तुमचा रिॲक्टर म्हणजे नुसती महागडी टाकी."

"एकदा भरलं की दीड वर्ष कुणाचं तोंड बघावं लागत नाही."

"पॅनेल एकदा बसलं की पंचवीस वर्षं बघावं लागत नाही."

"आलं कुठून ते पॅनेल? त्याचा एक स्क्रू तरी आपला आहे का रे?"

धाकट्याने कप आपटला. ताईला दोघांचाही राग आला आणि दोघांचंही पटलं, आणि हेच तिचं दुखणं होतं. आई गेल्यापासून या दोघांच्या मधे बसून तिचं डोकं पिकलं होतं.

ती निघाली तसे दोघेही दारापर्यंत आले. "काहीही होऊ दे, रिॲक्टरला हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "ताई, तू दरवेळी माझाच वारा कापतेस," धाकटा म्हणाला. "आज तरी न्यायाने वाग."

तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. वीज जास्त झाली की आधी वारा कमी करायचा आणि रिॲक्टरला सगळ्यात शेवटी हात लावायचा, असा लोड सेंटरचा जुना रिवाजच होता. पवनचक्की एका फोनवर थांबते आणि एका फोनवर सुरू होते. रिॲक्टरचं तसं नसतं. पण वर्षानुवर्षं ज्याचं ताट आधी उचललं जातं, त्याला हा रिवाज कसा गोड लागेल?

सकाळ बरी गेली. सचिवसाहेब मागच्या खुर्चीवर पाय हलवत बसले होते आणि त्या हलणाऱ्या पायाने ताईला वेड लागायची पाळी आली होती. दुपारी मात्र भलतंच झालं. सुट्टीचा दिवस, कारखाने बंद, लोक घराबाहेर. वर कडकडीत ऊन आणि किनाऱ्यावर सोसाट्याचा वारा. वीज मागणारं कुणी नाही आणि बनवणारे सगळे जोरात. वीज जास्त झाली की वर जाणारा, समोरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा चढायला लागला.

आणि तेवढ्यात पलीकडच्या देशाचा फोन वाजला.

पलीकडच्या लोड सेंटरमधला तो माणूस ताईने कधी पाहिला नव्हता, पण त्याचा आवाज सख्ख्या माणसासारखा ओळखीचा. तो घाईत होता. "आमचं एक मोठं यंत्र बसलंय. तुमच्याकडे जास्तीची असेल तर द्या हो. नाहीतर मला शहराचे पाण्याचे पंप बंद करावे लागतील."

असेल तर! ताईकडे उतू चालली होती. तिने वळून सचिवसाहेबांकडे पाहिलं.

"लाइन बंद म्हणजे बंद," साहेब म्हणाले. "घेणं नाही आणि देणंही नाही. आजच्या दिवसाचा अर्थच तो आहे."

"आज नाही जमणार," ताई फोनमध्ये म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बरं," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

आकडा चढतच होता. आता काहीतरी उतरवणं भाग होतं. ताईने सवयीने किनाऱ्याचा फोन उचलला, आणि तिचा हात थांबला. न्यायाने वाग. सगळा वारा कापला तर संध्याकाळी चाचणीच्या हिशेबात धाकट्याच्या नावाने शून्य लागणार, आणि बहिणीनेच बापासाठी भावाचा गळा कापला, असं तो जन्मभर म्हणणार. रिॲक्टर उतरवला तर बाबा जेवणाच्या टेबलावर शब्द बोलणार नाहीत. आई गेल्यावर दोघांना वाढायचं काम तिच्याकडे आलं होतं आणि तिने कधी कुणाच्या ताटात कणभर कमी-जास्त पडू दिलं नव्हतं. तिने तेच केलं. निम्मं याचं, निम्मं त्याचं.

धाकट्याने निमूटपणे अर्ध्या चक्क्या थांबवल्या. रिॲक्टरचा ऑपरेटर मात्र अडला. "मॅडम, आम्हाला एवढं खाली आणू नका. इंधन जुनं झालंय, लवकर वर येणार नाही."

सगळे रिॲक्टरवाले बाबांसारखेच बोलतात, असं तिच्या मनात आलं. खरंच, एवढंच आलं. "आणा खाली," ती म्हणाली.

आकडा जागेवर आला. "वा!" सचिवसाहेब म्हणाले आणि त्यांचा पाय एकदाचा थांबला. पण ताईला चैन पडेना. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, चहा मागवला आणि प्यायचा विसरली. कुठे चुकतंय ते कळत नव्हतं आणि काहीच चुकलेलं नाही असंही वाटत नव्हतं.

ऊन उतरलं तसं कळलं. लोक घरी परतले, घराघरात दिवे लागले, स्वयंपाक सुरू झाले. पॅनेलं थंडावली. धाकट्याने थांबवलेल्या चक्क्या पुन्हा सोडल्या, पण वाराच पडला होता. "बॅटऱ्या ओततोय, ताई," तो फोनवर म्हणाला, "पण त्या फार वेळ पुरणार नाहीत." धरण उन्हाळ्याने तळाला गेलेलं. तिने रिॲक्टरला फोन लावला. "चढवा. पूर्ण चढवा."

"चढत नाही, मॅडम," ऑपरेटर म्हणाला. "झेनॉन जमलाय."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. झेनॉन हा एक वायू. रिॲक्टर एकदम खाली आणला की तो त्याच्या पोटात साचतो आणि आतली आगच गिळायला लागतो. तो आपोआप विरेपर्यंत यंत्र वर येत नाही, मग तुम्ही काहीही करा. कॉलेजात शिकली होती ती हे. बाबांच्या तोंडून तर शंभरदा ऐकलं होतं. आणि दुपारी ऐन वेळी तिला काय आठवलं, तर ताटं!

"चढत नाही म्हणजे काय?" सचिवसाहेब ताडकन उठले. "आग दाबून धरणारे ते रॉड आणखी बाहेर काढा म्हणावं. जोर लावा. आज शेजाऱ्यासमोर हात पसरायचा नाही."

स्पीकरवर ऑपरेटर घुटमळला. "साहेबांचा हुकूमच असेल तर... बघतो प्रयत्न करून."

"थांबा," ताई म्हणाली. "मी सांगेपर्यंत काहीही करायचं नाही." आणि तिने घरी फोन लावला.

"कुणी उतरवला?" बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"मी. जास्तीचं निम्मं त्याच्याकडून कापलं, निम्मं तुमच्याकडून."

"अगं, हे काय जेवण वाढायचं होतं का?" बाबा ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "नीट ऐक, पोरी. रॉड ओढून त्याला वर रेटू देऊ नकोस. झेनॉन विरतो तेव्हा झपाट्याने विरतो, मग रिॲक्टर कधी उसळेल सांगता येत नाही. आहे तिथेच राहू दे त्याला. शेजाऱ्याची लाइन घे."

"बाबा, मग प्लांट बंद करतील."

"करू देत," बाबा म्हणाले. "घे लाइन."

ताईला रडू आलं. पण रडायला वेळ कुणाला होता? तिने ऑपरेटरला सांगितलं, आहे तिथेच राहा. आणि पलीकडचा फोन उचलला.

"मी परवानगी दिलेली नाही," सचिवसाहेब म्हणाले.

"मग अर्धं शहर अंधारात घालायची परवानगी द्या. तोंडी चालेल."

साहेब परत खुर्चीत बसले. पलीकडे दोन रिंग झाल्या. आता हा माणूस काय काय ऐकवेल, या विचाराने ताईची कानशिलं तापली होती. दुपारी त्याला पाण्यासाठी नाही म्हटलं होतं तिने. तिने फक्त एवढंच सांगितलं, "आम्हाला कमी पडतेय."

"किती?" तो म्हणाला.

बस्स, एवढंच. तिने आकडा सांगितला, त्याने परत म्हणून पक्का केला, आणि लाइन जोडली गेली. शहरातल्या एकाही घराला काही कळलं नाही.

चाचणी फसली ती फसलीच. सचिवसाहेबांना आता कारण हवं होतं, आणि बातम्यांच्या आत हवं होतं. त्यांनी खुर्ची ताईजवळ ओढली आणि आवाज अगदी मऊ केला. "मॅडम, तुमचं नाव यात यायचं कारण नाही. मला एकच वाक्य द्या. रिॲक्टर चढला नाही, किंवा वारा पडला. दोन्ही खरं आहे. तुम्ही म्हणाल ते मी पुढे सांगतो आणि दुसऱ्याला मंजुरी देतो."

झालं! दिवसभर ज्याच्या भीतीने ती कासावीस होती, ते असं चहाच्या कपासारखं समोर आणून ठेवलं गेलं. बाप की भाऊ, बोला. आणि गंमत म्हणजे आता तिला अजिबात अवघड वाटलं नाही.

"तिसरंही खरं आहे, साहेब," ती म्हणाली. "आधी वारा कापायचा हा रिवाज मी मोडला. रिॲक्टर मी उतरवला, तेही तो नको म्हणत असताना. माझं नाव द्या. आणि सोबत हेही द्या, की दुपारी पलीकडे वीज पाठवली असती तर दोघांपैकी कुणालाच उतरवावं लागलं नसतं."

"ते दुसरं वाक्य कुठेही जाणार नाही."

"मग पहिलं तरी द्या."

"ठीक आहे," सचिवसाहेब उठत म्हणाले. "उद्यापासून या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल. मंजुरीचं पुन्हा पहिल्यापासून बघू."

धाकट्याचा फोन आला. "ताई, कारण म्हणून माझं नाव लागलं का?"

"नाही."

"बाबांचं?"

"नाही रे."

"मग?" त्याने विचारलं, आणि तिने उत्तर द्यायच्या आधीच त्याला ते कळलं. "तुझ्याकडे न्याय कुणी मागितला होता गं," तो म्हणाला, आणि त्याला आपणच मागितल्याचं आठवून हुंदका फुटला.

पाळी बदलायची वेळ झाली. ताई पर्स उचलत होती तोच पलीकडचा फोन वाजला. त्याचीही पाळी संपत होती.

"सगळं ठीक ना?" त्याने विचारलं. "उद्याही ऊन कडक आहे म्हणतात. आमच्या धरणाचं पाणी संध्याकाळीच सुटतं म्हणून आज तुम्हाला देता आली, पण आमचं यंत्र काही परवापर्यंत सुरू होत नाही. दुपारी तुमच्याकडे जास्त झाली तर टाकून देऊ नका, इकडे पाठवा."

"उद्या इथे मी नसेन," ताई म्हणाली.

"मग मी मागायची कुणाकडे?"

ताईने वळून पाहिलं. सचिवसाहेब दारात कोट चढवत उभे होते. ती त्यांच्यापाशी गेली आणि तिने रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला विचारतोय."

साहेबांचा एक हात कोटाच्या बाहीत अडकला होता. दुसरा मोकळा होता, पण तो काही त्यांनी पुढे केला नाही.