दूतावासाच्या खिडकीसाठी तीन ठोके

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हातोडा आहे. खिळे ठोकणारा नव्हे हं! चोंगपो बंदराच्या नगरसभेत सभापतींच्या मेजावर माझी जागा आहे. ठरावाला सभासदांचा होकार मिळाला, की सभापती मला उचलून तीन ठोके मारतात आणि ठराव मंजूर होतो. ठोके पडले नाहीत, तर सगळी चर्चा पाण्यात. म्हणून माझा रुबाब काही औरच आहे, आणि तो मी लपवतही नाही.

मी मूळचा अक्रोडाचा. डोंगरातल्या एका सुतारानं मला घडवलं, तेल पाजलं आणि रेशमी कापडात गुंडाळून इथं पाठवलं. मग काय, शाळा, गटारं, दिवे, मासळीबाजाराचं छप्पर, सगळं माझ्याच ठोक्यांनी उभं राहिलं. निदान मला तरी तसंच वाटतं!

आमच्या सभेला एक खोड मात्र आहे. ठराव नकोसा असला, की विरोधक मलाच पळवतात. एकदा तर मला किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीच्या, रांजणात दडवलं होतं. पुढे कितीतरी दिवस सभापती नाक दाबून ठोके मारत होते. नंतर मेजांवर बटणं आली. मोजणी यंत्र करू लागलं आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. तेव्हा फार वाईट वाटलं. पण मंजुरीचे ठोके माझ्याकडेच राहिले, आणि त्यात मी समाधानी आहे.

तर मित्रांनो, एका हिवाळ्यात समुद्रापलीकडच्या देशानं आमच्या बोटी पकडल्या. गाव खवळलं. त्या देशाच्या दूतावासाची शाखा आमच्या बंदरावर आहे. लोकांनी तिथं जाऊन आरडाओरडा केला, आणि गर्दीतून कुणीतरी दगड भिरकावला. तो अर्ज घेण्याच्या खिडकीशी बसलेल्या कर्मचाऱ्याच्या कपाळाला लागला. वर्तमानपत्रात जखमीचं नाव छापायची आमच्याकडे पद्धत नाही. 'कर्मचारी अ जखमी' एवढंच छापून आलं. साऱ्या गावानं गृहीत धरलं, की असेल कुणी परदेशी!

आमच्या सभापतींचं नाव ना सुनबोक, मोठ्या करारी बाई. त्यांनी लगेच ठराव आणला : दूतावासाच्या माणसांवरील हल्ल्याचा ही सभा निषेध करते आणि माफी मागते. कोळीवाड्याचे नगरसेवक प्यो दोकसू ताडकन उठले. त्यांच्या मेव्हण्याची बोट पकडली गेली होती आणि मेव्हणा तिकडे अडकला होता.

"आमची माणसं त्यांच्या ताब्यात, आणि आम्ही त्यांचेच लाड करायचे? वा रे न्याय!" असं म्हणून त्यांनी मला उचललं आणि सरळ कोटाच्या खिशात टाकलं.

"सभापतीबाई, मेजावर तळहात आपटा आणि करा मंजूर!" कुणीतरी सुचवलं. मी हाताशी नसलो, की आमच्याकडे असंही कधीकधी होतं.

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "माफीसारखी गोष्ट घाईघाईनं आपटून होत नसते. यात सगळ्यांचा हात हवा. जेवून या, दोकसू. पोट भरलं की डोकं चालतं म्हणतात."

दोकसू तडक ओंगनाम मावशींच्या रस्साभाताच्या दुकानात गेले. तिथं सगळी कोळी मंडळी जेवत होती. दोकसूंना चेव चढला. त्यांनी मला बाहेर काढून मेजावर दणादण आपटलं.

"ठराव! मावशी, अजून एक वाटी रस्सा! मंजूर!"

सगळे खो खो हसले. तेवढ्यात आतल्या खोलीत भांडं खळकन पडलं, आणि कुणीतरी किंचाळलं.

मावशी धावत आत गेल्या. पडदा सरकला आणि मला सगळं दिसलं. मावशींची लेक यंगसोन भिंतीला चिकटून, दोन्ही हातांनी डोकं झाकून बसली होती. तिच्या कपाळावर पट्टी होती.

दोकसूंचा चेहरा उतरला. "अगं, हिला काय झालं?"

मावशी घरातलं दुःख कधी बोलून दाखवायच्या नाहीत, पण आज त्यांचा बांध फुटला. "काय झालं म्हणून विचारतोस? वर्तमानपत्रातला तो 'अ' कोण, माहीत आहे? ही! दूतावासात नोकरी करते, पण तुमच्याच अंगाखांद्यावर वाढलेली पोर. गिऱ्हाइकं सगळी कोळी, म्हणून गप्प राहिले. आता तिला दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. ठक् झालं की दगडच आला असं वाटतं तिला!"

 यंगसोन डोक्यावरचे हात काढून हळूच म्हणाली, "काका, तुमच्या मेव्हण्यांना सोडा म्हणून त्या दिवशी मीच आत जाऊन साहेबांच्या विनवण्या करून आले होते. येऊन खिडकीशी बसते तोच दगड आला. ती खिडकी बंद पडली, तर आपलं म्हणणं तिकडे कोण सांगणार? पण मला आता तिथं बसायची भीती वाटते हो."

दोकसूंनी वाटी तशीच ठेवली. मावशी करवादल्या, "रस्सा संपव आधी! अन्नावर राग नको." दोकसूंनी मान खाली घालून तो संपवला. डोळे पुसले, आणि नाव मिरचीचं घेतलं.

दुपारी सभा भरली. दोकसूंनी मला दोन्ही हातांनी, वडीलधाऱ्यांना देतात तसं, सभापतींपुढे धरलं.

"बोटींचा राग माझ्या पोटात आहेच," ते म्हणाले, "आणि राहील."

"मग उद्या बोटींचा ठराव आणा. मी स्वतः मंजूर करीन," बाई म्हणाल्या.

"आणतोच. पण आजच्या ठरावाला माझा हात घ्या."

त्या दिवशी बटणांऐवजी सगळे हात वर झाले. मावशींनी लेकीला कसंबसं घराबाहेर काढलं होतं, आणि तिचा हात धरून त्या गॅलरीत बसल्या होत्या. बाईंनी मला उंच उचललं, तोच दोकसू कुजबुजले, "जरा हळू मारा, सभापतीबाई."

आमच्याकडे पहिला ठोका एका बाजूच्या बाकांसाठी, दुसरा समोरच्यांसाठी आणि तिसरा गॅलरीतल्या लोकांसाठी असतो. पहिल्या ठोक्याला यंगसोन दचकली. दुसऱ्याला तिनं आईचा हात घट्ट धरला. तिसऱ्याला तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, इतका हलका ठोका मी जन्मात दिला नव्हता, आणि इतका आनंदही मला कधी झाला नव्हता.

पुढच्या सोमवारी ती खिडकीशी बसली. रांगेत पहिले उभे होते दोकसू, मेव्हण्याची विनवणी घेऊन.

बाळांनो, राग आला तर सभेत या, भांडा, हवं तर मलाही पळवा. माझी काही हरकत नाही. पण दोन घरांमधला निरोप नेणाऱ्या माणसावर हात उगारू नका. तुम्ही मारलेला दगड पलीकडे पोचतच नाही. तो वाटेतच आपल्याच कुणाच्या तरी लेकीला लागतो.